खान्देशच्या उन्हात, बोअरच्या पाण्यात: घरच्या फिशटँकचे पाणी आणि फिल्टर कसे सांभाळावे

पहिला फिशटँक आणला तेव्हा दर रविवारी मी तो पूर्ण रिकामा करायचो. खडे बाहेर काढायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच मिठाने घासायची आणि मग बोअरचे ताजे पाणी काठोकाठ भरायचे. बुधवार-गुरुवारपर्यंत एखादा मासा उलटा तरंगताना दिसायचा. पुढच्या रविवारी मी आणखी मन लावून टँक धुवायचो. दोन महिन्यांत अकरा मासे गेले. शेवटी आईने विचारले, "पानी ते चांगलं शे, मंग मासा कसा काय मरी ग्यात?"

पाणी दिसायला चांगलेच होते. पण माशांना मारणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू मी दर रविवारी स्वतःच्या हाताने नळाखाली धुऊन टाकत होतो. एवढी एक गोष्ट कळायला मला वर्ष लागले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन टँक घेणाऱ्यांचे ते वर्ष वाचावे म्हणून हे सगळे क्रमाने लिहून काढले आहे.

आधी ही सामग्री जमवा

- टँक, शक्यतो दोन फुटी किंवा त्याहून मोठा. टेबलावरचा गोल काचेचा बाऊल घेऊ नका. त्यात पाणी कमी, म्हणून बिघाड लवकर
- फिल्टर, आणि शिवाय एक छोटा एअर पंप
- एअर पंपाच्या नळीत बसवायचा, पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) तपासायचे थेंबांचे किट
- थर्मामीटर
- अँटीक्लोरीन
- पाणी काढायला पारदर्शक नळी. ठिबकची काळी नळी कोरी असेल तर चालते, पण आत मासा गेला तर दिसत नाही
- दोन नव्या कोऱ्या बादल्या, त्यांवर रंगाने "मासे" असे लिहून ठेवा. याचे कारण नवव्या पायरीत आहे

दुकानात टँकसोबत निळ्या औषधाची बाटली हमखास देतात. ते बहुधा मेथिलीन ब्लू असते. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून त्याला ते द्यायला हरकत नाही. मुख्य टँकमध्ये मात्र "रोग होऊ नये म्हणून" टाकू नका. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारक ठरते.

१. आपल्या घरी कोणते पाणी येते ते ओळखा

जळगाव शहराला वाघूर धरणाचे, धुळ्याला तापीचे आणि नकाणे तलावाचे, नंदुरबारला विरचक धरणाचे पाणी येते. असे धरणाचे पाणी बोअरपेक्षा सौम्य असते, पण त्यात क्लोरीन असते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, क्षार भरपूर असतात. माझ्या घरी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, २५० च्या आसपास आणि बोअरचा ९०० च्या वर येतो. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर तुमचे पाणीही जड आहे.

नळाचे पाणी २४ ते ४८ तास उघड्या, रुंद भांड्यात ठेवले की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात अँटीक्लोरीन टाका. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा डोस वाढवतात. त्या दिवसांत वासावरूनच कळते. तेव्हा दोन्ही करा. आणि गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली जी सवय आहे, ती पिण्याच्या हंड्यापुरती ठेवा. माशांच्या पाण्याला तुरटी नको.

पाणी साठवलेल्या ड्रमला कापड बांधा. उघड्या ड्रममध्ये डासांच्या अळ्या होतात आणि आपल्याकडे डेंग्यूचा त्रास कमी नाही. ड्रममध्ये अळीनाशक टाकलेले असेल तर ते पाणी टँकसाठी घेऊ नका, टँकमध्ये झिंगे असतील तर मुळीच नाही.

काही जण पूर्ण टँक आरओच्या पाण्याने भरतात. त्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार उरलेलेच नसतात, त्यामुळे काही आठवड्यांत पीएच घसरत जातो आणि कारण कळत नाही. बोअर फारच जड असेल तर अर्धे बोअर, अर्धे आरओ करा. आरओ मशीनच्या वाया जाणाऱ्या नळीचे पाणी मात्र कधीच नको. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असते.

२. लिटर मोजा, मग फिल्टर घ्या

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. २४ बाय १२ बाय १५ इंचांचा टँक साधारण ७० लिटरचा होतो. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ६० लिटर धरा. तासाला टँकच्या चार ते सहा पट पाणी फिरवणारा फिल्टर लागतो. म्हणजे ७० लिटरला ३०० ते ४०० लिटरचा पुरेसा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज आणि कचरा भरला की तो उतरतो, म्हणून थोडा वरचा घेतलेला बरा.

आता प्रकार. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत स्वस्त, आणि नवख्यासाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. वीज कमी खातो, इन्व्हर्टरवर चालतो, पिल्ले ओढली जात नाहीत, बिघडण्यासारखे त्यात फार काही नाही. पाण्यात बुडवायचा पॉवर फिल्टर किंवा झाकणावरचा टॉप फिल्टर पाणी जास्त लख्ख ठेवतो. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर चांगलाच, पण तो तीन-चार फुटी टँकचा विषय आहे. खड्यांखाली घालायची जुनी अंडरग्रॅव्हल जाळी अजून दुकानांत मिळते; तिच्याखाली साचलेला गाळ काढायला सगळा टँक उपसावा लागतो, म्हणून मी ती सांगत नाही.

फिल्टरच्या आत तीन कामे चालतात. स्पंज कचरा अडवतो. सिरॅमिक रिंगा किंवा बायोबॉल जिवाणूंना राहायला जागा देतात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन रंग आणि वास शोषतो. पैसे कमी असतील तर कार्बन सोडा, रिंगा सोडू नका. कार्बन तीन-चार आठवड्यांत संपतो, आणि औषध चालू असताना तो आत असेल तर औषधही शोषून घेतो.

३. खडे आणि दगड तपासून घ्या

तापी-गिरणेच्या काठचे गोटे सुंदर दिसतात आणि आपला काळा बसाल्ट टँकमध्ये चालतो. पण पांढऱ्या शिरा असलेल्या दगडावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करेल. रंगवलेले खडे टाळा. नदीची वाळू गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत धुवा. साबण, फिनेल काहीही न लावता.

४. टँक मुरू द्या

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, माझाही सुटला होता.

माशांची विष्ठा, कल्ल्यांतून निघणारा कचरा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, रिंगांवर, खड्यांवर चिकटून राहतात. पाण्यात तरंगणारे फार थोडे. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे घातल्या दिवशी वाढत नाही, तसेच हे.

आपल्या जड पाण्यात अमोनियाची भीती जास्त आहे. पाण्याचा पीएच ७ असेल तर अमोनियाचा अगदी थोडा भाग विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच भाग जवळपास नऊ-दहा पट होतो. ऊन वाढले की आणखी वाढतो. म्हणून पुण्यातल्या मित्राच्या टँकमध्ये निभावून गेलेली चूक भुसावळात निभेलच असे नाही.

पद्धत सांगतो. टँक भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, मासे सोडू नका. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाका. नेमके करायचे असेल तर शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून आणा. ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम टाकले की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) आसपास येतो. कल्हईवाल्यांचा नवसागर वापरू नका, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही.

दोन-तीन दिवसांआड तपासा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य राहिले, की टँक मुरला. मग निम्मे पाणी बदला आणि मासे आणा.

जवळचा रस्ता एकच आहे. कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागा. त्यांच्याच टँकच्या पाण्यात भिजत ठेवून, पिशवीत घालून त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये घाला. वाळला तर उपयोग संपला.

मध्येच पाणी दुधाळ होईल. घाबरून उपसू नका, आठवड्याभरात बसते. पाणी हिरवे झाले तर खिडकीतले ऊन टँकवर येते आहे का ते पाहा.

एक फसगत सांगून ठेवतो. टीडीएसचे पेन अमोनिया दाखवत नाही. ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. "टीडीएस ठीक आहे" म्हणून मी दोन आठवडे निश्चिंत राहिलो होतो आणि मासे अमोनियात पोहत होते.

५. पाण्याला साजणारे मासे घ्या

बोअरच्या जड पाण्याशी भांडण्यापेक्षा ते मानवणारे मासे घेणे सोपे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड, अल्कधर्मी पाणी आवडते. हिवताप विभागाची माणसे डासांच्या अळ्या खायला टाक्यांत सोडतात तेच गप्पी. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मऊ पाणी हवे, ते पुढे कधीतरी बघा.

गोल्डफिशबद्दल वाईट वाटते, कारण मुलांना तोच हवा असतो. पण तो थंड पाण्याचा मासा आहे, घाण खूप करतो आणि दोन फुटी टँकमध्ये वाढतच नाही नीट. आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात.

पहिल्यांदा पाच-सहाच आणा. पिशवी १५-२० मिनिटे टँकवर तरंगू द्या, थोडे-थोडे टँकचे पाणी पिशवीत घाला, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नका. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. नर-माद्या एकत्र ठेवल्या तर गप्पी महिन्याभरात पिल्ले देतात, हे धरूनच संख्या ठरवा.

६. आठवड्याला एक बादली

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. ६० लिटरला १५ लिटर, म्हणजे एक बादली. नळीचे टोक खड्यांवर फिरवत गाळ ओढून घ्या.

नवे पाणी टँकच्या पाण्याइतकेच गरम-थंड असू द्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात दुपारी हात पोळेल इतके तापते आणि डिसेंबरच्या पहाटे बोटे आखडवते. पाणी आदल्या रात्री भरून टँकशेजारीच ठेवले की हा प्रश्न मिटतो.

आकडे लक्षात ठेवा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत, तापमान २४ ते २८ अंश. पीएच ७ ते ८.२ मध्ये कुठेही स्थिर असू द्या. औषधे टाकून तो खाली ओढायच्या मागे लागू नका. नायट्रेट उतरतच नसेल तर बोअरचे पाणीच एकदा तपासा. आजूबाजूच्या शेतांतले खत झिरपून त्यात आधीच नायट्रेट असू शकते.

७. फिल्टर धुताना

टँकमधून काढलेल्या त्याच बादलीभर जुन्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबा आणि परत बसवा. तपकिरी राहिला तरी राहू द्या. नळाचे पाणी नको, साबण नको, ऊन दाखवणे नको. रिंगा हलवून घ्या, एवढेच. पाण्याची धार मंदावली की धुवायचे, तारीख पाहून नाही. स्पंज फाटला तर नवा जुन्याशेजारी महिनाभर ठेवा, मग जुना काढा.

८. वीज गेल्यावर

एअर पंप टँकच्या खाली स्टुलावर ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी हवेच्या नळीतून उलटे उतरते. माझ्याकडे एका रात्री तसेच झाले. सकाळी अर्धा टँक फरशीवर आणि पंप जळालेला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा किंवा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात जात नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी स्विच बंद, दर वेळी.

छोटा एअर पंप तीन-पाच वॉटच खातो, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. शेतातल्या घरी इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा पंप मिळतो. वीज नसताना खाद्य बंद. फिल्टर बरेच तास बंद राहिला, विशेषतः कॅनिस्टर, तर आतले जिवाणू गुदमरून मरतात आणि पाण्याला घाण वास येतो. तो उघडून, टँकच्या पाण्यात खळबळून मगच सुरू करा.

९. फवारणीच्या दिवसांत

हे मी अंग चोरून लिहीत नाही, कारण कापसाच्या घरांत याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. आमची शेती चोपडा तालुक्यात. एका ऑगस्टमध्ये शेतातून आलेली बादली मी तीनदा धुतली, नाकाला लावून पाहिली, वास नव्हता. तिने पाणी बदलले. पंधरा मिनिटांत मासे गोल-गोल फिरू लागले, तासाभरात सगळे गेले. चार वर्षे जपलेली मॉलीची जोडी त्यात होती.

पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात. म्हणून बादली वेगळी, नळी वेगळी, आणि ती दुसऱ्या कशालाही द्यायची नाही. फवारणीहून आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय टँकला हात लावू नका. घरात डासांची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांतलीही बरीच औषधे याच गटातली असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. ज्या खोलीत टँक, तिथे मच्छरदाणी वापरा.

१०. मे आणि डिसेंबर

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा बंद खोलीतला टँक ३३-३४ अंशांवर जातो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर ७ च्याही खाली. वर माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात.

झाकण काढून त्यावर जाळी टाका आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि दोन ते चार अंश सहज उतरतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा हा एक फायदाच आहे. दिवे दुपारी बंद, एअर पंप रात्रंदिवस चालू. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बंद बाटली एका वेळी एकच, तापमान पाहत.

उडालेले पाणी मी आधी बोअरनेच भरत होतो. पाणी उडते, क्षार आतच राहतात, वरून नव्या पाण्याचे क्षार; जूनपर्यंत टीडीएस दीडपट झाला होता. उडालेली घट आरओच्या पाण्याने भरा. साप्ताहिक बदल नेहमीच्या पाण्याने.

थंडीत धुळ्याकडे रात्री पारा एक आकडी होतो. तेव्हा लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर लावा. पाणी बदलताना तो आधी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पाण्याबाहेर येऊ द्या, नाहीतर काच तडकते.

११. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर

आधी एअर पंप पूर्ण वेगाने सुरू करा. मग अमोनिया आणि नायट्राइट तपासा. काहीही शून्याच्या वर दिसले तर क्लोरीन घालवलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी लगेच बदला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. खाद्य दोन दिवस बंद. नायट्राइट चढलेले असेल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम जाडे मीठ मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

कित्येक महिने पाणीच न बदललेला टँक असेल तर मात्र आधी पीएच पाहा. अशा टँकचा पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया सौम्य रूपात पडून असतो. त्यावर एकदम बोअरचे जड पाणी ओतले की पीएच उसळतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे रोज फक्त दहा टक्के बदला.

१२. लग्नसराईत गावाला जाताना

मोठे निरोगी मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, निघताना घाईत जास्तीचे खाद्य टाकू नका. आठवड्याहून जास्त जाणार असाल तर कागदाच्या पुड्या बांधा, एका पुडीत एका वेळचे खाद्य, प्रत्येकीवर वार लिहा, आणि मुख्य डबा कपाटात बंद करून ठेवा. शेजारच्या काकूंना किल्ली देताना तीनच गोष्टी सांगा: दोन दिवसांआड एक पुडी, फॅन बंद करायचा नाही, आणि मासा मेलेला दिसला तर तो जाळीने काढून टाकायचा, पाणी बदलायचे नाही.